मार्नीची चार वाक्यं

मार्नी ओस्टगार्डला चार वाक्यं पाठ होती. "चूक माझीच होती. तिची जबाबदारी मी घेतली. त्यातून मी शिकले. आता इंधन मी तीन-तीनदा तपासते." डॅलस विमानतळाशेजारच्या हॉटेलात, बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून ती सकाळपासून ही वाक्यं घोकत होती. वय पन्नास, अकरा हजार तास विमान चालवलेली बाई. पण तोंडी परीक्षेला निघालेल्या मुलीसारखे तिचे तळहात ओले झाले होते. तिसऱ्या वाक्यावर आवाज कापायचा. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

वाक्यं तिची एकटीची नव्हती, विकत घेतलेली होती. वैमानिकांच्या या नोकरी मेळाव्यात नुसतं आत शिरायलाच पैसे पडतात. आणि आत गेल्यावर काय बोलायचं हे शिकवणारे लोक बाहेर लॉबीतच टेबलं मांडून बसलेले असतात, त्यांचे पैसे वेगळे. त्यातला लॉयल पेटिग्र्यू नावाचा एक निवृत्त कॅप्टन मार्नीला बरा वाटला, कारण बाकीच्यांसारखे त्याने दात पांढरे करून घेतले नव्हते. आदल्या दुपारी तिने त्याच्याकडे तासभर शिकवणी घेतली होती.

"नावावर अपघात आहे?" लॉयलने पहिलाच प्रश्न टाकला होता.

"एक आहे. हवेत इंधन संपलं. एकोणीस वर्षं झाली."

"छान!"

"छान काय त्यात?"

"अहो, ज्याच्या नावावर काहीच नाही, तो बिचारा सांगणार काय? तुमच्याकडे सांगायला गोष्ट आहे. फक्त ती नीट सांगायची. विमानाला दोष द्यायचा नाही, वाऱ्याला द्यायचा नाही, मेकॅनिकला तर मुळीच नाही. 'चूक माझीच होती' इथून सुरुवात. समोरच्याला तेच ऐकायचं असतं. टाकी तुम्ही स्वतः भरली होती?"

"भरली होती असं वाटलं होतं मला."

"'वाटलं होतं' काढून टाका. आणि हे बघा, तुम्ही बुटांकडे बघत बोलताय. माझ्या डोळ्यांत बघून म्हणा."

मार्नीने त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं. सात वेळा म्हटलं. आठव्या वेळी लॉयल खूश झाला आणि त्याने घड्याळ बघितलं.

मार्नी नॉर्थ डकोटातल्या ग्राफ्टनची. गावाच्या चारही बाजूंना साखरबीटची शेतं, वर आभाळच आभाळ. तिचे वडील बीट पिकवायचे. शेतांवर औषध फवारणारं पिवळं विमान त्यांच्या बांधावरून गेलं की सहा वर्षांची मार्नी हातातलं टाकून त्याच्यामागे धावायची. पुढे मोठी झाल्यावर त्याच फवारणीवाल्याची विमानं धुऊन धुऊन ती उडवायला शिकली. आता एका छोट्या कंपनीत ती पार्सलं वाहायची. आठवड्यातले पाच दिवस, पहाटे साडेपाचला एक इंजिनाचं विमान घेऊन निघायचं, तीन गावांना खोकी टाकायची, संध्याकाळी तीन गावांची खोकी घेऊन यायचं. विमानात दुसरं माणूस नाही. उणे तीस थंडीत इंजिन गरम करायचं, खोकी स्वतः चढवायची, स्वतः उतरवायची. तिच्या पाठीचा एक मणका या खोक्यांनी कायमचा दुखवून ठेवला होता.

मोठ्या विमान कंपनीत जायचं हे तिचं तिसाव्या वर्षापासूनचं वेड. पण पासष्टाव्या वर्षी कंपन्या वैमानिकाला घरी पाठवतात, म्हणजे तिच्याकडे पंधरा वर्षं उरली होती. आणखी दोन-तीन गेली की कोणी दारातही उभं करणार नव्हतं. नोकरीच्या अर्जात एक चौकोन असतो: "आपल्या हातून कधी अपघात झाला आहे का?" त्यात तिने 'हो' म्हटलं की पुढे काहीच होत नसे. नऊ अर्ज गेले, नऊ वेळा कंप्युटरने आभार मानले. मेळाव्यात निदान समोर जिवंत माणूस बसतं, त्याला ऐकावं लागतं, एवढ्या एका आशेवर तिने पैसे भरले होते. ही शेवटची खटपट, असं तिने नवऱ्याला, ऑरिनला, सांगितलं होतं. ऑरिनने नेहमीप्रमाणे "हं" म्हटलं होतं आणि सूटला इस्त्री करून दिली होती.

त्या अपघातात ऑरिनच तिच्या शेजारी बसलेला होता. वायोमिंगमधल्या एका लग्नाहून दोघं परत येत होते. क्लबचं भाड्याने घेतलेलं चार जणांचं विमान, डोक्यावर पंख, पंखांत दोन टाक्या. निघताना तिथल्या पंपावर मार्नीने स्वतः इंधन भरलं. वारा समोरून होता, पण हिशोब बसत होता. घरी पोचून अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक राहणार होतं. घर चौदा मैलांवर आलं आणि इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि गप्प झालं. खाली बीटची शेतं. विमान तिने तिथे उत्तम उतरवलं असतं, पण कापणीचे दिवस होते. शेताच्या कडेला बीटचा ढीग रचलेला होता. उजवा पंख त्यात घुसला, विमान गर्रकन फिरलं आणि ऑरिनचा डावा पाय गुडघ्याखाली चेंदला. मार्नीला साधं खरचटलंही नव्हतं, आणि ते तिला अजूनपर्यंत सहन होत नव्हतं.

सरकारी तपासनीस शांत स्वभावाचा, भला माणूस होता. टाक्या भरल्या होत्या असं मार्नीने त्याला पहिल्या संध्याकाळी ठासून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने पंपाची पावती आणून तिच्यापुढे ठेवली. टाक्या काठोकाठ भरायला जेवढं इंधन लागायला हवं होतं, त्याहून पावतीवर आठ गॅलन कमी होतं. आठ गॅलन म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटं. शेवटचे चौदा मैल आणि वर शिल्लकीचा अर्धा तास, नेमकी तेवढीच. त्याने अहवालात लिहिलं: वैमानिकाने टाक्या पूर्ण भरल्या नाहीत व भरल्याची खात्री केली नाही. त्या विमानांतले इंधनाचे काटे तर लहरीवरच चालतात, त्यांची साक्ष कोणी काढत नाही.

टाकीच्या तोंडाशी चमकणारं इंधन मार्नीला स्पष्ट आठवत होतं. तिने बोट बुडवून बघितलं होतं, नखाला थंड लागलं होतं. पण पावती खोटं बोलत नाही. एखाद्या जुन्या वैमानिकाने सांगावं, अहवालाशी भांडू नकोस, चूक कबूल कर, भांडखोर माणसाला कोणी घेत नाही. दुसऱ्यानेही तेच सांगावं. मग तिला वाटायला लागलं की बोट बुडवल्याची आठवण दुसऱ्याच कुठल्या दिवसाची असेल. पाच-सात वर्षांनी ते तिचं पक्कं मत झालं. दर सप्टेंबरात, त्या तारखेला, ती ऑरिनची माफी मागायची. तो दरवेळी एकच म्हणायचा, "माफ करण्यासारखं काही नाहीये, मार्नी," आणि लंगडत कॉफी करायला जायचा. एवढ्या थोर माणसाला आपण पांगळं केलं, या विचाराने ती रात्रभर तळमळायची.

तर अशी ही बाई सकाळी दहाला मेळाव्याच्या हॉलमध्ये शिरली आणि तिला पहिला धक्का बसला तो रांगांचा. गर्दी असेल हे धरलं होतं, पण निळ्या सूटमधली हजारभर माणसं छातीशी एकेक फाइल धरून उभी असतील असं वाटलं नव्हतं. जिच्यासाठी ती आली होती त्या कंपनीची रांग हॉलला वळसा घालून उपाहारगृहाच्या दारापर्यंत गेली होती.

"उफ्फ दा," ती स्वतःशीच म्हणाली. तिच्या गावाकडे 'बाप रे'ला असंच म्हणतात.

"या, या, रांगेच्या शेपटीत स्वागत आहे," पुढचा माणूस वळून म्हणाला. गोल चेहऱ्याचा, चाळिशीचा, सूट खांद्यांवर ताणलेला. "ऑक्टाव्हिओ बाका. न्यू मेक्सिकोचा. मॅम, तुमची पहिली खेप?"

"इतकं दिसतं?"

"तुमच्या बुटांवरून. अनुभवी लोक जुने बूट घालून येतात. माझी तिसरी खेप. पहिल्या वर्षी पेन मिळालं, दुसऱ्या वर्षी पाण्याची बाटली. यंदा पिशवी मिळाली की संसार पूर्ण."

"आणि नोकरी?"

"ती ऑनलाइन मिळते म्हणतात. चार तास उभं राहायचं, तीन मिनिटं बोलायचं, मग ते सांगतात, वेबसाइटवर अर्ज करा."

"मग कशाला येता हो पैसे भरून?"

"बायकोही हेच विचारते, मॅम. तिला अजून उत्तर दिलेलं नाही."

ऑक्टाव्हिओ वीस वर्षं प्लंबर होता. छत्तिसाव्या वर्षी दुकान विकून तो वैमानिक झाला आणि आता लास क्रूसेसच्या एका उड्डाणशाळेत मुलांना शिकवत होता. त्याने खिशातून सोललेल्या, चिलगोज्यासारख्या पिन्यॉनच्या बिया काढून तिला दिल्या. तिने पर्समधल्या सूर्यफुलाच्या बिया दाखवल्या, पण टरफलं थुंकायची कुठे या प्रश्नावर दोघांचं एकमत होऊन त्या परत गेल्या. रांग दर दहा मिनिटांनी दोन पावलं सरकत होती.

दोनच्या सुमारास ते टेबलापासून दहाएक माणसांवर आले आणि ऑक्टाव्हिओ एकदम अस्वस्थ झाला. त्याने आपली उड्डाणवही उघडली. वैमानिकाचं सगळं आयुष्य या वहीत असतं: कुठल्या तारखेला, कुठलं विमान, कुठून कुठे, किती तास.

"या पानाची बेरीज दर वेळी वेगळी येतेय," तो म्हणाला. "टेबलावरच्या बाईने नेमकं हेच पान उघडलं तर माझी छी-थू. मॅम, तुम्ही बघता का जरा? माझे डोळे फिरलेत."

मार्नीने वही हातात घेतली आणि रकान्यावरून बोट खाली न्यायला सुरुवात केली. एक पूर्णांक दोन, एक पूर्णांक चार, शून्य पूर्णांक नऊ. बोट बेरजेवर होतं, पण नजर शेजारच्या रकान्यात गेली. तिथे विमानाचा नंबर होता. दहा ओळींपैकी सहा ओळींत एकच नंबर, शेवटी चार, आठ आणि डब्ल्यू. रेडिओवर डब्ल्यूला व्हिस्की म्हणतात. फोर-एट-व्हिस्की.

तिचं बोट थांबलं. तिने नंबर पहिल्यापासून वाचला. पुन्हा वाचला. आपल्या मुलाचं नाव कोणी अनोळखी माणसाच्या वहीत वाचावं, तसं तिला झालं.

"सापडली ना चूक?" ऑक्टाव्हिओने काळजीने विचारलं.

"हे विमान नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हे मोडीत गेलं. एकोणीस वर्षांपूर्वी. विमा कंपनीने नेलं. ट्रकवर तुकडे घालून नेलं, मी बघितलंय."

"मोडीत कसलं! परवा मंगळवारी उडवलंय मी." त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "मॅम, बसता का? तुमचा रंग उडालाय. उत्तरेत कुठेतरी शेतात आपटलं होतं म्हणतात हे. कोणीतरी सांगाडा विकत घेऊन पुन्हा बांधलं. नंबर तोच राहतो ना. उजवा पंख दुसऱ्या विमानाचा बसवलाय."

"आणि डावा?"

"डावा मूळचाच. मोठा नाटकी आहे तो पंख."

"नाटकी म्हणजे?" मार्नीने विचारलं.

"अहो, पुस्तकात लिहिलंय तेवढं इंधन त्याच्या टाकीत मावतच नाही. ओठापर्यंत भरा, बाहेर सांडेस्तोवर भरा, तरी कमीच. सगळे म्हणायचे, पंप खराब असेल. मी पडलो प्लंबर. एका रविवारी टाकी काठोकाठ भरली, खालून नळ उघडला आणि बादलीने मोजून काढली. आठ गॅलन कमी."

मार्नीने वही मिटली. ती पडू नये म्हणून छातीशी धरली.

"किती म्हणालात?"

"आठ. मेकॅनिक म्हणाला, आत रबराची पिशवी असते, ती पंखाच्या छताला बटणांनी लावलेली असते. बटणं सुटली की पिशवी दुमडते. वरून बघाल तर भरलेली, आत पोट खपाटीला. गळत नाही ना, मग असू दे म्हणाला. काट्याखाली चिठ्ठी चिकटवलीय आम्ही. थांबा, फोटो आहे माझ्याकडे, मुलांना दाखवायला काढलेला."

फोनवरच्या फोटोत काट्याखाली पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर मार्करने लिहिलेलं होतं: डावी टाकी, भरलेली दिसली तरी आठ कमी धरा.

मार्नीला रडू आलं नाही. तिला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा हेच कळेना. तपासनिसावर? त्याने पावती बघितली आणि खरा हिशोब केला. पावतीवर? पावतीने तरी काय खोटं सांगितलं? टाकीत मावलं तेवढंच तिने भरलं होतं. काठोकाठ भरलं होतं! नखाला थंड लागलं होतं ते खरं होतं. पंपाजवळची शिडी एका पायाने आखूड होती, ती डुगडुगत होती, तेही एकदम आठवलं. एकोणीस वर्षं तिने स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं, बोटाला खोटं ठरवलं, आणि काल तर पैसे देऊन वर शिकवणी लावली की आणखी छान खोटं कसं ठरवायचं. ऑक्टाव्हिओने तिचा दंड धरला.

"ते विमान चालवणारी तुम्ही होतात?" त्याने हळूच विचारलं.

तिने मान डोलावली.

"देवा रे," तो म्हणाला. मागचे लोक "सरका, सरका" करायला लागले, तेव्हा दोघं दोन पावलं सरकले.

"आज कोण उडवतंय ते?" मार्नीने विचारलं. धक्का कितीही मोठा असो, वैमानिकाच्या डोक्यात हा प्रश्न येतोच.

"तीन वाजता एक मुलगी घेऊन जाणार आहे."

"फोन करा. बंद करा ते. आठ कमी आहेत ते तुम्हाला माहीत आहे, पण उद्या आणखी एक बटण सुटलं तर दहा होतील, आणि चिठ्ठीवर आठच राहील."

ऑक्टाव्हिओने तोंडाने शिट्टीसारखा आवाज काढला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, प्लंबर असून, आणि त्याची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली. त्याने शाळेला फोन लावला, मालकाशी दोन वाक्यांत भांडला, आणि विमानाची किल्ली काढून घेतल्याचं त्याच्याकडून वदवून मगच फोन ठेवला. मग तो फोटो त्याने मार्नीला पाठवला. तेवढ्यात त्याची पाळी आली. तो गेला आणि तीन मिनिटांनी परत आला. हातात पेन होतं.

"या वर्षी पुन्हा पेनच," तो पुटपुटला. "जा, मॅम."

टेबलापलीकडे कॅप्टन पार्मली बसली होती, साधारण मार्नीच्याच वयाची, केस आखूड कापलेले, आवाज बसलेला. तिने मार्नीचा कागद डाव्या हाताने ओढून घेतला, तासांचा आकडा बघून भुवया उंचावल्या, आणि पान उलटून त्या चौकोनावर आली.

"एक अपघात. सांगा त्याबद्दल."

पहिलं वाक्य तोंडात तयारच होतं. ते आपोआप बाहेर यायला लागलं. "चूक माझीच..." एवढं म्हणून मार्नी थांबली. मागे रांगेत तीनशे माणसं होती. या टेबलासाठी तिने पैसे भरले होते, रजा घेतली होती, वीस वर्षांची आशा इथे आणून ठेवली होती, आणि चार वाक्यं म्हटली असती तर बाई खूश होणार होती. मार्नीला हे अगदी स्वच्छ दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "टाकी मी भरली होती. काठोकाठ भरली होती. बोट बुडवून बघितलं होतं."

"अहवालात तसं नाही."

"अहवालात आठ गॅलन कमी भरल्याचं आहे. त्या टाकीत मावतच आठ गॅलन कमी होतं. ते विमान अजून उडतंय, पंख तोच आहे, हा त्याचा फोटो."

कॅप्टन पार्मलीने फोटो बघितला. मोठा करून बघितला.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"अर्ध्या तासापूर्वी. तुमच्याच रांगेत."

पार्मलीने पेन खाली ठेवलं. "आज सकाळपासून सतरा जणांनी मला 'चूक माझीच होती' म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "सतराही जणांनी डोळ्यांत बघून. बाहेर कुठेतरी ठोक भावात विकतात वाटतं. तुमच्यावर माझा विश्वास बसतोय, बाई. पण मी विश्वासावर माणसं घेत नाही, कागदावर घेते. ती टाकी उघडा, सरकारी माणसाची सही आणा, अहवाल बदलून घ्या. मग मला लिहा."

"आणि तोवर?"

"तोवर वेबसाइटवर अर्ज करा. त्या चौकोनात मात्र 'हो'च लिहावं लागेल." तिने मार्नीला पेन दिलं. पेन देताना तिने तिचा हात क्षणभर दाबला, आणि मग मागच्या माणसाला बोलावलं.

लॉबीत लॉयल पेटिग्र्यू एका पोराला समोर बसवून सांगत होता, "बुटांकडे नाही, माझ्याकडे बघ." मार्नीला बघून त्याने अंगठा वर केला. मार्नीने मान फिरवली. खिडकीशी जाऊन, नव्या बुटांतून पाय काढून, ती जमिनीवरच बसली आणि तिने घरी फोन लावला.

पलीकडे फावड्याचा आवाज येत होता. मार्चमध्येही ग्राफ्टनला अंगणातला बर्फ काढावा लागतो.

"झालं?" ऑरिनने विचारलं.

"ऑरिन, टाकी भरलेली होती."

फावडं थांबलं.

"ऐकतोयस ना? डाव्या टाकीत दोष होता. पिशवी दुमडलेली होती आत. मी काठोकाठ भरली होती रे! ते विमान न्यू मेक्सिकोत आहे, एका माणसाने बादलीने मोजलंय." तिला धाप लागली. "तू काही बोलत का नाहीस? मी भरली होती!"

"मला माहीत आहे," ऑरिन म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"भरली होतीस ते. शिडी मीच धरली होती ना, मार्नी. ती डुगडुगत होती. भरता भरता तुझ्या हातून सांडलं, ते माझ्या टोपीवर पडलं. ती टोपी अजून गॅरेजमध्ये आहे, धुतली तरी वास गेला नाही तिचा."

बाहेर एक विमान उतरलं, तिने ते बघितलं आणि ते काय आहे हे तिला क्षणभर कळलं नाही.

"मग बोलला का नाहीस?" ती शेवटी ओरडली. लॉबीतली माणसं वळून बघायला लागली. "एकोणीस वर्षं! एकदा तरी बोलायचं!"

"बोललो होतो. हॉस्पिटलमध्ये. तू पावती घेऊन आली होतीस तेव्हा. मी म्हटलं, पावती गेली खड्ड्यात, मी तपासनिसाला सांगतो. तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. म्हणालीस, ऑरिन, एक अक्षर बोलायचं नाही. विमानाला दोष देणाऱ्याला कोणी नोकरी देत नाही, आणि नवऱ्याची साक्ष काढली तर हसतील मला. वचन घेतलंस माझ्याकडून."

औषधांचा वास, त्याच्या पायावरचा प्लास्टरचा पांढरा ढीग, आणि आपल्या तळहाताखालचे त्याचे खरखरीत ओठ. सगळं होतं तिच्याजवळ. तिनेच ते कुठेतरी खाली दाबून टाकलं होतं.

"पण मी दरवर्षी तुझी माफी मागत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "दर सप्टेंबरात."

"हो. आणि मी दरवर्षी सांगत होतो, माफ करण्यासारखं काही नाही म्हणून," ऑरिन म्हणाला. "तुला वाटायचं, मी चांगुलपणाने बोलतोय."